सात दिवसांची वाघर

डॉक्टरांनी सांगितलं होतं सात दिवस. मी घरी येऊन सांगितलं पंधरा.

हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढं माझी हिंमत व्हायची नाही.

माझे सासरे मुंजाबा, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. दीड वर्षापूर्वी कळलं तेव्हाच तो हाडांत उतरला होता. कंबर, माकडहाड, उजवी मांडी. त्याच्या गोळ्या-इंजेक्शनं चालू होती, पण दुखणं कुणाचं ऐकत नव्हतं. चाळीस वर्षं मेंढरांमागं फुलंब्रीपासून पार गोदाकाठापर्यंत चाललेला माणूस, आणि पुंडलिकनगरच्या आमच्या दोन खोल्यांत पलंगावरून संडासापर्यंत भिंत धरून जायचा. दुखणं थांबवायच्या जोराच्या गोळ्या दिल्या की दिवसभर गुंगी आणि पोट गच्च. "दुखनं परवडलं," आबा म्हणायचे, "पर ही अफूवानी झोप नको. नातीचं तोंड बघायचं का पापण्या उचलायच्या?"

नात म्हणजे माझी सायली. साडेदहा महिन्यांची, रांगण्यात पटाईत, आणि आबांच्या मिशा हा तिचा जगातला सगळ्यात आवडता पदार्थ.

तर डॉक्टर म्हणाले, एक इंजेक्शन आहे. शिरेतून द्यायचं. त्यातलं औषध किरणोत्सारी असतं, ते शोधत शोधत हाडातल्या दुखऱ्या जागांपाशी जाऊन बसतं आणि तिथंच काम करतं. "कॅन्सर यानं बरा होणार नाही, हे लक्षात ठेवा," ते आबांकडंच बघून म्हणाले. "दुखणं कमी व्हावं म्हणून आहे. बऱ्याच जणांना आठवड्या-दोन आठवड्यांत फरक पडतो, आणि काही महिने टिकतो. काहींना नाही पडत."

आबांनी सरळ विचारलं, "उकिडवं बसता येईल का?"

डॉक्टरांना वाटलं, संडासाचं विचारताहेत. आम्हाला माहीत होतं कशाचं ते.

आमच्याकडं रीत आहे. मेंढरांची लोकर कातरायच्या दिवशीच घरातल्या लेकराचं जावळ काढतात. बाकीचं डोकं न्हावी करतो, पण पहिली बट घरातल्या थोरल्या माणसानं कापायची, मेंढराच्या कातरीनं, घोंगडीवर उकिडवं बसून. ती बट त्या दिवशीच्या पहिल्या लोकरीत टाकतात, आणि त्या लोकरीची घोंगडी लेकराला. अजिनाथची, म्हणजे माझ्या नवऱ्याची बट त्याच्या आज्यानं कापली होती. आबांची त्यांच्या आज्यानं. सायली आबांची पहिली नात. कातरणीचा रविवार ठरलेला होता, कातरणारे पाहुणे सांगून ठेवलेले होते, माझा भाऊ कृष्णा मामा म्हणून गंगापूरहून येणार होता. इंजेक्शन बुधवारी. मधे दहा दिवस.

आणि हॉस्पिटलनं दिलेला सूचनांचा कागद माझ्या हातात पडला.

कागद इंग्रजीत होता, म्हणून घरात तो मीच वाचणार. आठवडाभर लहान मुलं आणि गरोदर बाया यांच्यापासून अंतर ठेवा, लेकराला मांडीवर घेऊ नका. लघवी बसून करा, दोनदा पाणी टाका. टॉवेल वेगळा, कपडे वेगळे धुवा. पाणी भरपूर प्या. मी बी.एस्सी. केमिस्ट्री. 'किरणोत्सारी' हा शब्द मी परीक्षेत पाच मार्कांसाठी लिहिलेला होता, आता तो माझ्या हॉलमध्ये पलंगावर झोपणार होता. दर दोन दिवसांनी त्याचा जोर जवळजवळ निम्मा होतो, हेही मला माहीत होतं. चौथ्या दिवशी पाव, सहाव्या दिवशी दोन आणे. गणित येत होतं, पण छातीतली धडधड गणित शिकलेली नव्हती. सायलीला साधी सर्दी झाली तरी मी तिच्या नाकाशी बोट धरून बसणारी बाई.

त्यात ती कातर. वीतभर लांब, दोन्ही पाती उघडी, आणि दुखण्यानं थरथरणारा आबांचा हात.

दोन भीत्या एकत्र झाल्या आणि माझ्या तोंडातून आकडा निघाला. पंधरा. रविवारच्या पुढं जाणारा.

"पंधरा?" अजिनाथनं बॅगेची चेन लावता लावता विचारलं. "म्हणजे जावळ..."

"मग काय करू? डॉक्टर म्हणाले," मी म्हणाले.

 आबांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मला वाटलं, दुखतंय म्हणून.

बुधवारी इंजेक्शन झालं. औषध मुंबईहून शिशाच्या जाड डब्यात आलं होतं, आणि वाटेतच त्याचा जोर कमी होत जातो म्हणून वेळेवर हजर राहा, असं चारदा बजावलेलं. "म्हंजी बर्फाची गाडी हाय," आबा म्हणाले. आत मला जाऊ दिलं नाही. अजिनाथ गोळ्या आणायला गेलेला. आबांना मंजुषा सिस्टरनं आत नेलं आणि अर्ध्या तासानं आतून हसण्याचा आवाज आला.

बाहेर आल्यावर सिस्टर म्हणाल्या, "अहो, हे डाग मागतायत!"

मेंढराला लस टोचली की त्याच्या पाठीवर गेरूचा डाग लावतात, म्हणजे तेच मेंढरू दुसऱ्यांदा टोचलं जात नाही. आबांचं म्हणणं, "मला टोचलं हे कसं वळखायचं? दुसरा डागदर येऊन परत टोचील." घरी आल्यावर त्यांनी खरंच बानाबाईंकडून, म्हणजे माझ्या सासूबाईंकडून, रांगोळीच्या डब्यातला गेरू मागून सदऱ्याच्या खांद्यावर अंगठा उठवला. शेजारच्या दीपमालाताई डोकावून विचारून गेल्या, "आमच्या टीव्हीला काही होणार नाही ना?" आबा पलंगावरून म्हणाले, "व्हईल की. उलट चांगला दिसंल."

मी हॉलमध्ये खडूनं रेघ मारली. रेघेच्या पलीकडं आबा, पलंग, खिडकी. अलीकडं मी, सायली, स्वयंपाकघर. सायलीनं रेघ तीन मिनिटांत ओलांडली. मी किंचाळून तिला उचललं. पुन्हा गेली. पुन्हा उचललं. संध्याकाळपर्यंत माझी कंबरही आबांसारखीच झाली.

"रेघेला मेंढरू इचारत नाय," आबा म्हणाले, "पोरगी काय इचारनार? कडुबाला फोन लाव."

कडुबा हे माझे चुलतदीर, राहिलेली साठेक मेंढरं तेच सांभाळतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोटरसायकलवर वाघर बांधून हजर. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायला भोवती लावतात ती दोरीची जाळी. आबांनी पलंगावरून सांगायचं आणि कडुबांनी बांधायचं, असं करत ती खिडकीच्या गजापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत हॉलच्या मधोमध ताणली. खालची गाठ अशी मारली की मला ती बघूनच घाम फुटला.

"असं कोकरांना येगळं ठेवतोत आमी," आबा म्हणाले. "माय चरायला गेली की कोकरू मागं पळू नये म्हनून. आता मी माय, आन् ती कोकरू. का उलटं, कोन जाने."

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी दुखणं वाढलं. चांगलंच वाढलं. कागदात लिहिलं होतं, सुरुवातीला काहींचं वाढतं म्हणून. पण लिहिलेलं वाचणं वेगळं आणि दात आवळून भिंतीकडं तोंड केलेला माणूस बघणं वेगळं. मी हॉस्पिटलला फोन केला. मंजुषा सिस्टर म्हणाल्या, वाढेल, उतरेल, गोळी द्या, पाणी पाजा. सासूबाई तांब्यामागून तांब्या पाजत होत्या. "आता बास कर," आबा म्हणाले, "व्हीर झाली माझी." तरी त्या थांबल्या नाहीत. संडासात दोनदा पाणी पडल्याचा आवाज आला की त्या इकडून मोजायच्या, "एक... हां, दोन," आणि एकच पडलं तर दारावर थाप. "अवो! दुसरं इसरला!"

पाचव्या दिवशी सकाळी आबांनी चहा मागितला. पलंगावर नाही. उठून, खिडकीत उभं राहून.

 यावर काही म्हटलं तर दृष्ट लागेल असं सगळ्यांनाच वाटलं असावं. सासूबाईंनी कप जाळीच्या वरून दिला आणि पदरानं तोंड पुसलं, तोंडाला काही नसताना.

सहाव्या दिवशी सायली जाळी धरून उभी राहिली.

ही माझी खबर होती, पण ती मला एकटीला मिळाली नाही. पलीकडं आबाही उभे होते, जाळीपासून लांब, एक हात भिंतीवर. सायलीनं एक पाऊल टाकलं, जाळीच्या एका चौकोनातून बोटं काढून पुढच्या चौकोनात घातली. आबांनी एक पाऊल टाकलं. ती थांबली, आबा थांबले. ती "दाऽऽ" म्हणाली. आबा म्हणाले, "व्हय, चल म्होरं, कडबा तिकडंच हाय." असे दोघं, वाघरीच्या दोन बाजूंनी, खिडकीपासून दारापर्यंत गेले. सात फूट. मग वळून परत. मी स्वयंपाकघराच्या दारात कणकेचे हात घेऊन उभी, आणि दोघांपैकी कुणाकडं बघू ते समजेना. आबांचा हात तीन हात अंतरावरून जाळीकडं आला आणि परत गेला. "नाय नाय," ते सायलीला म्हणाले, "तुझ्या मायनं सांगितलंय पंधरा. अजून नऊ हायेत."

नऊ. मला कणकेत तोंड घालावंसं वाटलं.

त्या दिवशी सांगून टाकायला पाहिजे होतं. सातव्या दिवशी तर नक्कीच. सातव्या दिवशी मी काय केलं? सायलीची दुपटी दोनदा धुतली. अजिनाथ वाळूजहून ड्यूटी करून आला आणि म्हणाला, "कृष्णाला सांगू का, यावेळी बट त्यानंच कापायची? आबांना जमणार नाही ना." मी "बघू" म्हणाले. आबा जाळीपलीकडून म्हणाले, "कृष्णा कापील. चांगला पोरगा हाय. हात थरथरत नाय त्याचा." आणि रेडिओचा आवाज वाढवला.

आठव्या दिवशी, गुरुवारी, रक्त तपासायला न्यायचं होतं. या इंजेक्शननं रक्तातल्या पेशी काही दिवस कमी होतात, म्हणून दर आठवड्याला बघतात. मी आणि आबा रिक्षानं गेलो. पायऱ्या त्यांनी कठडा धरून, पण माझा हात न धरता चढल्या. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, ठीक आहे म्हणाले. आबांनी पुन्हा तेच विचारलं आणि डॉक्टर या वेळी हसले. "बसून बघा हळूहळू. काही धरून बसा. दुखलं तर लगेच थांबायचं. जड उचलायचं नाही."

"लेकरू जड असतं का?"

"उचलायचं नाही. मांडीवर कुणी ठेवलं तर चालेल."

बाहेर मंजुषा सिस्टर आबांच्या हातावरची कापसाची पट्टी काढत होत्या. "काय आबा, आली का नात मांडीवर? काल आठवडा संपला की!"

मी हातातली फाईल घट्ट धरली.

आबा म्हणाले, "आली तर! लई लाथा मारती. मिशा तर अर्ध्या उपटल्या."

"सुटलात एकदाचे," सिस्टर म्हणाल्या.

"व्हय व्हय. सुटलो."

  रिक्षानं गजानन मंदिराचा चौक ओलांडला. तेव्हा मी म्हणाले, "आबा, तुम्हाला माहीत होतं?"

"पैल्या दिशीच. त्या बाईनं आत समजावून सांगितलं मराठीत. सात म्हनली. दोनदा म्हनली. बोटं दाखवून."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू?" ते बाहेर बघत म्हणाले. "नवी व्यालेली मेंढी मालकालाबी जवळ येऊ देत नाय, रत्ना. ज्यानं तिला रोज चारलं, त्यालाच ढुशी मारती. त्या वेळी तिच्याशी भांडत नसतेत. लांब बसायचं. तिचं तिला उमगतं."

"मी ढुशी मारली तुम्हाला."

"बरगडीतच मारलीस," ते म्हणाले आणि खो खो हसले. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. मला रडू येत होतं आणि त्यातच हसूही.

"आता खरं सांग, माय. भ्याली कशाला? मला, का कातरीला?"

"दोन्हीला."

"माझ्यातलं तर निम्म्याचं निम्मं झालं, असं तूच अजिनाथला सांगत व्हतीस, मी ऐकलं. ऱ्हायली कातर. तिचं मी बघतो. तुला पटलं तर मी कापीन. नाय पटलं तर कृष्णा. तू म्हनशील तसं."

घरी आल्यावर मी सगळ्यांसमोर सांगितलं. सासूबाईंना, अजिनाथला. सात दिवसच होते, पंधरा माझे. अजिनाथ माझ्याकडं बघतच राहिला. सासूबाई म्हणाल्या, "आगं माय! आन् मी आठ दिस त्यांना सायलीचा फोटू जाळीतून दाखवायली!" मग त्याच पुढं म्हणाल्या, "असू दे. त्यांनी माझ्यापासून तर जलमभर आठ-आठ महिने लांब काढले, मेंढरांमागं."

मी वाघर सोडायला गेले. वरच्या गाठी सुटल्या. खालची, कडुबांनी मारलेली, सुटेना. नखं गेली. अजिनाथनं सुरी आणली, तर आबा ओरडले, "वाघर कापतेत का कुठं? सर बाजूला."

ते पलंगाची कड धरून खाली जायला लागले. हळू. एक गुडघा वाकला, थांबले. दुसरा वाकला. अजिनाथ पुढं झाला, सासूबाईंनी त्याचा हात धरून मागं ओढला. आबांची एक टाच टेकली, दुसरी टेकली, आणि ते उकिडवे बसले. आठ महिन्यांनी. पलंगाला धरलेला हात त्यांनी सोडला. गाठीला दोन बोटांनी असं काही केलं की ती जशी कधी नव्हतीच. वाघर खाली पडली.

सायली त्या ढिगाऱ्यावरून रांगत थेट त्यांच्या गुडघ्याला जाऊन भिडली. मी तिला उचललं नाही. एवढंच माझं कर्तृत्व. मी माझे दोन्ही हात पाठीमागं धरून उभी राहिले, आणि तिनं मिशी धरली.

शुक्रवारी-शनिवारी आबांनी नारळ कातरले. कडुबांकडून कातर मागवली, देवापुढचे सहा नारळ घेतले, आणि बसून एकेकाच्या शेंडीची टोकं कातरत गेले. मी प्रत्येक नारळ तपासला. पहिल्याची शेंडी वाकडी झाली. तिसऱ्याची सरळ. सहाव्याची अशी, की न्हाव्यानंही मान डोलवावी. "बघ, कवटीला ओरखडा हाय का?" नव्हता. मी बोट फिरवून बघितलं. दोनदा.

"पटलं?"

"थोडं," मी म्हणाले.

"थोडं लई झालं."

रविवारी फुलंब्रीजवळच्या आमच्या वस्तीवर सकाळी सातलाच मेंढरं धुऊन उभी होती. कातरणारे पाहुणे ओळीनं बसलेले, कातरींचा खचखच आवाज, लोकरीचे ढीग. कृष्णा मोटरसायकलवरून नवं झबलं आणि पेढे घेऊन आला. काळी घोंगडी अंथरली. कृष्णानं मामाच्या मानानं सायलीला मांडीवर घेतलं आणि मी तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं. इतकं घट्ट, की कृष्णा म्हणाला, "ताई, कलिंगड नाही ते."

आबा घोंगडीवर उकिडवे बसले. खांद्यावर गेरूचा डाग असलेला तोच सदरा, धुऊन फिकट झालेला. कातर उघडली. सायली त्यांच्या मिशीकडं हात करून "दाऽऽ" म्हणाली, आणि आबांचा हात थांबला. सगळे थांबले. त्यांनी कातर बाजूला ठेवली, मिशी तिच्या हातात दिली, ती तिला चांगली ओढू दिली, आणि ती त्यात रमली तेव्हा दुसऱ्या हातानं कातर उचलून कानामागची एक बट कापली. खच्. तिला कळलंही नाही. मला कळलं, कारण माझा श्वास त्याच आवाजासरशी सुटला.

बट लोकरीत गेली. बायांनी ओवाळलं. न्हावी पुढं सरकला, आणि अर्धं डोकं भादरून होईपर्यंत आबा तिथंच बसून राहिले. मग ते उठायला लागले, आणि तोंड वाकडं करून जागच्या जागी थांबले. "आई गं!"

अजिनाथ धावला. कडुबा धावले. सासूबाईंच्या हातातलं ताट कलंडलं. मी ओरडले, "आबा, कंबर? मांडी? कुठं दुखतंय? गोळी कुठाय?"

"सरका रं," आबा म्हणाले. एक पाय त्यांनी लांब केला होता आणि तो हातानं चोळत होते. चेहऱ्यावर असं काही होतं, जे मी त्या माणसाच्या चेहऱ्यावर लग्न होऊन आल्यापासून बघितलं नव्हतं. "दुखत नाय. मुंग्या आल्यात!"

"काय?"

"मुंग्या! पायाला मुंग्या!" ते हसायला लागले. "बसून बसून मुंग्या आल्यात रं! चांगल्या मानसाला येतेत तशा!"

कडुबांनी एक काख धरली, अजिनाथनं दुसरी. आबा उभे राहिले आणि घोंगडीवर दाणदाण पाय आपटायला लागले. मेंढरं बिचकली. अर्धं डोकं भादरलेली सायली कृष्णाच्या मांडीवरून त्यांच्याकडं बघत राहिली, आणि मग बसल्या बसल्या तिनंही दोन्ही पाय आपटायला सुरुवात केली.